अण्णांची टिचकी

जामखेड,
दि. ८ डिसेंबर २०२४

प्रिय दादास,
प्रज्ञाचा सप्रेम जय भीम. वि. वि.

इकडे आम्ही सगळे ठीक आहोत. माझं पाकीट बघून वहिनी म्हणाली असेल, आता काय झालं. आईनं नियमच तसा घालून दिलाय ना, गोड बातमी फोनवर आणि भांडण पत्रात. फोनवर आपण दोघं एकमेकांचं वाक्य पुरं होऊ देत नाही, पत्रात निदान तेवढं तरी होतं, असं तिचं म्हणणं. आई जाऊन इतकी वर्षं झाली, पण हा नियम मोडायची हिंमत ना तुझ्यात आहे, ना माझ्यात. तेव्हा हे पत्र म्हणजे भांडणच समज. अजून कच्चं आहे, तुझ्या उत्तरावर ते पिकायचं की नाही ते ठरेल.

तुझ्या कारखान्यातले गहिनीनाथमामा पुतणीच्या लग्नाला गावी आले होते. त्यांच्याकडून कळलं की मुंबईच्या कुठल्याशा गुंतवणूक कंपनीची माणसं संगमनेरला येऊन गेली. सगळ्या यंत्रांचे फोटो काढले, ढोलकी वाजवणाऱ्या आपल्या जुन्या इलेक्ट्रॉनिक पेट्या उघडून बघितल्या, आणि तू त्यांच्या मागेपुढे नव्या नवऱ्यासारखा फिरत होतास. कुणी म्हणतं पैसे लावणार आहेत, कुणी म्हणतं कारखानाच घेणार आहेत. मला हे लग्नाच्या पंगतीत, वाढप्याच्या हातातली भाजी थांबवून ऐकावं लागलं याचा जास्त राग आला. आईच्या नावाचा कारखाना आहे तो. 'रतनताल' हे नाव तिच्यावरून ठेवलंस तेव्हा महिनाभर लाजून ती कारखान्यात आली नव्हती, आठवतं का?

अण्णांची तब्येत आहे तशीच. अर्धांगवायूनं पडलेला उजवा हात मांडीवर ठेवून बसतात. सकाळी चहा झाला की ढोलकीची पेटी लावायची आणि डाव्या हातानं खुर्चीच्या दांड्यावर साथ करायची, हा त्यांचा व्यायाम. उजव्याचं काम पेटी करते, डाव्याचं मी करतो, असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात. तू पॉलिटेक्निक करून आलास आणि भिंतींना गोधड्या टांगलेल्या खोलीत बसवून त्यांच्या ढोलकीचा एकेक ठेका रेकॉर्ड करून पेटीत भरलास, ते बरंच झालं. आता तो हात त्या पेटीतच उरलाय. प्रत्येक ठेक्याआधी ते ढोलकीच्या लाकडी खोडावर नखानं टिचकी मारायचे, ती तू काढून टाकायला निघाला होतास. आईनं भांडून ठेवायला लावली. आज जिल्ह्यातल्या साऱ्या गायन पार्ट्या त्या टिचकीवरच तोंड उघडतात.

तेव्हा विकायचं ते विक. यंत्रं विक, पत्रे विक, तुझी ती फिरती खुर्ची विक. अण्णांना विकू नकोस.

भांडते आहे त्याअर्थी लोभ आहे. तुझ्याकडूनही तो असू दे.

तुझी,
प्रज्ञा

---

संगमनेर,
दि. २२ डिसेंबर २०२४

चि. प्रज्ञास,
दादाचा सप्रेम जय भीम. वि. वि.

पत्र मिळालं. माधुरीला वाचून दाखवलं तर 'नव्या नवऱ्यासारखा' या शब्दांपाशी ती इतकी हसली की मला पुढचं मनातच वाचावं लागलं.

तुझ्यापासून लपवायचं नव्हतं, सह्या होईपर्यंत बोलायचं नाही अशी त्यांची अटच होती. त्या गेल्या आठवड्यात झाल्या. कारखान्याचा मोठा हिस्सा आता मुंबईकरांचा आहे. प्रज्ञे, तू शाळेत शिकवतेस, तुला बाजार दिसत नाही. मोबाईलवर फुकट ठेका मिळतो. बाहेरून येणारी पेटी आपल्या नुसत्या खोक्याच्या भावात मिळते. आणखी एखादं वर्ष मी ओढलं असतं आणि मग कुलूप लावलं असतं. गहिनीनाथमामांसारखी माणसं या वयात कुठं गेली असती?

आता नीट ऐक. कुणाला कामावरून काढणार नाहीत. पेटीवर आईचं नाव राहील. मी संचालक म्हणून राहीन. आणि अण्णांच्या ठेक्याला कुणी हात लावणार नाही, हा माझा शब्द आहे.

अण्णांना मात्र एवढ्यात सांगू नकोस. कारखाना म्हणजे त्यांच्या लेखी आई आहे, तुला माहीत आहे. मी स्वतः येऊन, शेजारी बसून सांगेन.

आणि एक चांगली बातमी. जयंतीच्या आधी सगळ्या पार्ट्यांच्या पेट्या फुकट साफ करून द्यायची अण्णांची रीत कंपनी चालू ठेवणार आहे. मीच तसं ठरवून घेतलं. यंदा कंपनीचा टेम्पो गावोगाव फिरेल, जुन्या पेट्यांना नवी बॅटरीही बसवून मिळेल. तू जरा शब्द टाक. तुझ्या शब्दावर लोक डोळे मिटून पेट्या देतात. अण्णांचीही दे, तिची बटणं घट्ट झालीत असं तूच म्हणत होतीस.

भांडण पिकू देऊ नकोस. अण्णांना जय भीम, आणि तुझा लोभ होता तिथंच राहू दे.

तुझा,
दादा

---

जामखेड,
दि. २ मार्च २०२५

प्रिय दादास,
सप्रेम जय भीम. वि. वि.

तुझा टेम्पो काल येऊन गेला. शाळा सुटल्यावर घरोघर जाऊन मी पेट्या गोळा केल्या. कुणी उशीच्या अभ्र्यात घालून दिली, कुणी साडीच्या खोक्यात. सत्यशीलाबाईंनी तर पेटीला हळूच हात लावून नमस्कार केला. कंपनीचा कागद मागायचं कुणाला सुचलंही नाही. मी घ्यायला आले होते, तेवढं त्यांना पुरलं.

फक्त मालनबाईंनी दिली नाही. अण्णांच्या ढोलकीवर उभी हयात गायलेली बाई, तिला कोण काय सांगणार? माझी पेटी बिघडली तर मी आन ती बघून घिऊ, म्हणाल्या. मी त्यांना हट्टी म्हणून आले. तू ऐकलं असतंस तर मला शाबासकी दिली असतीस.

अण्णांनी आपली पेटी स्वतः डाव्या हातानं टॉवेलात गुंडाळली. टेम्पोवाल्याला, आडवी ठेवू नको, असं दोनदा सांगितलं. आज सकाळी चहा झाल्यावर खुर्चीत बसले आणि हात कुठं ठेवावा ते त्यांना कळेना. पेटी लवकर धाडून दे.

तुझा व्यवहार मी अजून त्यांना सांगितलेला नाही. पण दादा, मला अण्णांपासून काही लपवायची सवय नाही, माझ्या तोंडावर ते दिसतं. जयंतीपर्यंत ये आणि एकदाचं सांगून टाक. येताना वहिनीच्या हातचं शेंगांचं कूट आण, तुझ्या हातचं नको.

लोभ आहे, तो जपून वापर.

तुझी,
प्रज्ञा

---

जामखेड,
दि. २३ मार्च २०२५

प्रिय दादास,
जय भीम.

पेट्या परत आल्या, चकचकीत होऊन आल्या. पण काहीतरी चुकलंय. तू फोन उचलत नाहीस म्हणून लिहिते.

अण्णांची पेटी मीच लावली. टिचकी वाजलीच नाही, एकदम ठेकाच सुरू झाला. आणि तो ठेका अण्णांचा नाही. साफ आहे, सरळ आहे, पण समेच्या आधी अण्णा जे किंचित थांबायचे, गाणाऱ्याला श्वास घ्यायला, ते त्यात नाही. नुसती पळत सुटलेली ढोलकी आहे. मला वाटलं, दुसऱ्या कुणाची चिप चुकून हिच्यात बसली. म्हणून सत्यशीलाबाईंकडे गेले, त्यांच्याही पेटीत तेच. मग आणखी दोघांकडे गेले. सगळीकडे तेच. लोक बिचारे म्हणतात, कंपनीनं नवा आवाज टाकला असेल, आपल्याला सवय नाही.

त्याहून वाईट पुढे आहे. अण्णांनी पहिल्या दिवशी ऐकलं आणि पेटी बंद केली. मला वाटलं, त्यांच्या लक्षात आलं नाही. तिसऱ्या दिवशी मी भाकरी वाढत असताना म्हणाले, "प्रज्ञे, मी गानाऱ्याला दम घिऊ देत नव्हतो गं." मला आधी कळलंच नाही. मग कळलं. त्यांना वाटतंय, हे त्यांचंच वाजवणं आहे. डॉक्टरांनी सांगितलं होतं ना, या आजारात जुन्या आठवणींची सरमिसळ होते. ते म्हणतात, टिचकी मी मनातल्या मनातच मारत असेन, थांबतही मनातच असेन. पेटी कशी चुकेल, सम्राटनं केलेली आहे.

आता खुर्चीच्या दांड्यावर त्यांचा हात चालत नाही. पेटी लावतात, ऐकतात, बंद करतात.

कुणीतरी घोटाळा केला असेल तर तो आजच निस्तर. मूळ रेकॉर्डिंग तुझ्याकडे असेलच. उत्तराची वाट बघते.

प्रज्ञा

---

संगमनेर,
दि. ३० मार्च २०२५

चि. प्रज्ञास,
सप्रेम जय भीम.

हे पत्र मी बरेचदा लिहून फाडलं. घोटाळा झालेला नाही. मला सगळं माहीत होतं.

कंपनीच्या वकिलांनी विचारलं, पेटीत वाजवलंय कुणी आणि त्याची लेखी संमती कुठाय? मी म्हणालो, माझे वडील आहेत, संमती कसली? ते म्हणाले, वडील असोत नाहीतर आणखी कुणी, सही हवी. नसेल तर तो आवाज नव्या पेट्यांत नको आणि जुन्याही बाहेर नकोत, उद्या कुणी दावा केला तर कोण निस्तरणार. त्यांनी स्टुडिओत दुसऱ्याकडून वाजवून घेतलं. जुन्या पेट्या परत कशा मिळवायच्या, हा प्रश्न होता. मीच त्यांना जयंतीआधीच्या सफाईचं सांगितलं.

तू विचारशील, एक सही मागायला काय झालं होतं? प्रज्ञे, मी दोनदा निघालो होतो. एकदा तर अर्ध्या वाटेपर्यंत आलो आणि गाडी वळवली. सही मागायची म्हणजे कारखाना विकल्याचं सांगायचं. ते आरडाओरडा करत नाहीत, नुसते बघतात. ते बघणं मला सोसलं नसतं. शिवाय त्यांचा उजवा हात असा. ज्या माणसानं प्रौढ वर्गात बसून अक्षर गिरवलं आणि जन्मात कुठं अंगठा लावला नाही, त्याच्यापुढं मी शाईचा पॅड कसा धरू? म्हणून म्हटलं, सहीच नको, आवाज काढा. दिलेला शब्द तेव्हाच मोडला, आणि तरीही तुला टेम्पोच्या गोष्टी लिहिल्या.

मूळ रेकॉर्डिंग करारानुसार त्यांच्यासमोर पुसून टाकलं.

आता तुझ्याकडे एकच मागतो. त्यांना काही सांगू नकोस. त्यांना जे वाटतंय ते वाटू दे. आजारपणानं विसरलो असं समजून माणूस हळूहळू शांत होतो. मुलानं काय केलं हे कळून शांत होत नाही. तू समजूतदार आहेस.

लोभ मागायचं तोंड नाही, तरी मागतो.

दादा

---

जामखेड,
दि. १७ एप्रिल २०२५

श्री. सम्राट यांस,
जय भीम.

मला समजूतदार म्हणू नकोस. लहानपणी माझी पेन्सिल हवी असली की तू असंच म्हणायचास.

तू मला फसवलंस, ते मी एकवेळ गिळलं असतं. पण मला हाताशी धरून तू लोकांना फसवलंस. ज्या बायांनी अभ्र्यात घालून पेट्या दिल्या त्या तुझ्या कंपनीला दिल्या नव्हत्या, मला दिल्या होत्या. मी माझ्या हातानं अण्णांना घराघरातून गोळा केलं आणि पुसायला पाठवलं. आता रस्त्यानं जाताना मला त्यांच्या दारांकडे बघवत नाही. मला तुझी चीड येते, दादा, आणि त्याहून जास्त किळस येते. फोन न करता लिहायला बसले, शाई वाळेपर्यंत थांबले, आईचा नियम पाळला, तरी चीड तेवढीच आहे.

जयंतीचं सांगते, कारण तू आला नाहीस. विहारासमोरच्या कार्यक्रमाची सुरुवात अण्णांच्या हातून व्हायची होती. हात गेल्यापासून ते नुसतं पेटीचं बटण दाबतात आणि टिचकी वाजली की सगळी पार्टी उभी राहते. यंदा मुलं घ्यायला आली तर अण्णांनी मान हलवली. म्हणाले, माझं नाव पत्रिकेतून काढा, मी काही तेवढा वाजवणारा नव्हतो, लोकांनी मोठेपणानं चालवून घेतलं. पोरांना वाटलं, आजारी माणूस बोलतोय. मी दारात उभी होते. माझ्या तोंडावर आलं होतं. बोलले नाही, कारण तुझं पत्र माझ्या पर्समध्ये होतं आणि तुझं नाव घेतल्याशिवाय मला काहीही सांगता येत नव्हतं.

मी एकटीच गेले. मालनबाई उभ्या राहिल्या, त्यांनी आपली पेटी लावली आणि टिचकी वाजली. दादा, मैदानात भरल्या गर्दीत मी रडले. मालनबाईंनी समेच्या आधी श्वास घेतला, अण्णा त्यांच्यासाठी थांबले, आणि गाणं असं उभं राहिलं की मागची म्हातारी माणसंही सरसावून बसली. तिथून आपलं घर काही लांब नाही, पण अण्णांनी दार लावून घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी मालनबाईंना सगळं सांगितलं. त्या उठल्या. आत गेल्या, पेटी आणून माझ्या हातात ठेवली. आता ती माझ्या कपाटात आहे, माझ्या साड्यांखाली. म्हणजे अण्णांचा हात गेलेला नाही. मी आज ती लावली तर आज त्यांचा हात त्यांना परत मिळेल. पण ती ऐकली की ते पहिला प्रश्न विचारतील, मग माझ्या पेटीत कुणी काय केलं? हात दिला तर मुलगा जातो. मुलगा ठेवला तर हात जातो. ही निवड तू माझ्यावर टाकून मोकळा झालास. मी ती करणार नाही. तू ये आणि त्यांच्या शेजारी बसून सांग. येववत नसेल तर लिही. पण तू सांग.

प्रज्ञा

---

संगमनेर,
दि. २५ एप्रिल २०२५

प्रज्ञे,
जय भीम.

मला जमणार नाही. पुढच्या आठवड्यात मुंबईला बोर्डाची बैठक आहे, पण ते कारण नाही, उगाच लिहिलं. खरं म्हणजे मला भीती वाटते. तूच सांभाळून सांग. पाहिजे तर सांग की यंत्रात बिघाड झाला होता. मालनबाईंची पेटी त्यांना दे आणि माझं नाव येऊ देऊ नकोस. एवढं एकदा कर. पुन्हा काही मागणार नाही.

दादा

---

जामखेड,
दि. ४ मे २०२५

दादा,

तुझं पत्र मिळालं. त्याला माझ्याकडून उत्तर नाही.

सोबतचं पत्र अण्णांचं आहे. काल त्यांनी मला वही-पेन घेऊन समोर बसवलं. मी त्यांना काही सांगितलेलं नाही, त्यांनीही मला काही विचारलेलं नाही. ते तुलाच विचारतायत. त्यांनी सांगितलं तसं लिहिलं, माझं एक अक्षर त्यात नाही. तू जे उत्तर धाडशील ते, जसं असेल तसं, मी त्यांना मोठ्यानं वाचून दाखवीन. वाचून झालं की कपाटातली पेटी काढून त्यांच्यासमोर लावीन. लोभाचं त्यानंतर बघू.

प्रज्ञा

---

चि. सम्राटास,
बापाचा जय भीम.

प्रज्ञी लिहून घेतीया. मी बोलतो तसंच लिही, सुधरू नको, म्हनून सांगितलं हाय. मास्तरीन हाय ती, तिचा हात सारका शुद्ध लिव्हायला पळतो.

माझी तब्येत बरी हाय. जेवन जातंय. तू कामात आसतो म्हनून जयंतीला आला न्हाईस, त्याचं काय न्हाई. कारखाना संबाळ. तुझ्या आयचं नाव हाय त्याच्यावर.

एक इचारायचं हुतं. पेटी साफ हून आली तवापासून मी ऐकतोय. मला वाटायचं, मी समेच्या आधी वाईच थांबायचो. पेटीत तसं काय न्हाई. टिचकी पन न्हाई. डागदर म्हनला हुता, डोक्यातलं जुनं इकडचं तिकडं हुईल. तर तसंच झालं आसंल. पेटी तू केली हाय, ती कशाला खोटं बोलंल. पन मग मालनबाई माझ्या म्होरं इतकी वर्सं गायली, तिला दम लागत आसंल, आन ती कधी बोलली न्हाई. लई मोठ्या मनाची बाई. तिच्या घरी जाऊन माफी मागावी म्हनतो.

त्याच्या आधी तुला इचारतो. रेकार्डिंगला तू समोर बसला हुतास. त्याच्या बी आधी, ल्हान हुतास तवा, पार्टी गायला लागली की माझ्या मांडीला टेकून झोपायचास, आन ढोलकी थांबली की जागा व्हायचास. माझ्या वाजवन्याला तुझ्यापरीस जवळचा कान न्हाई. मी आसाच वाजवत हुतो का? माझ्या जिवाला काय वाटंल म्हनून गोड लिहू नको. तू व्हय म्हनलास तर मी मालनबाईकडं जाऊन येतो आन मिटलं.

आनी एक. पेन्शनीच्या कागदावर आंगठा लावायचा म्हनले, मी न्हाई लावला. चार महिनं पाटीवर गिरवून डाव्या हातानं सही बसवली. प्रज्ञीला पन आजच दाखवतोय. खाली केली हाय, बघ. वाकडी हाय, पन माझी हाय. कारखान्याच्या कुठल्या कागदाला बापाची सही लागली तर लाजू नको, कागद धाडून दे. तू म्हनशील तिथं करतो.

तुझ्यावर जीव हाय, तो हायेच. उत्तर धाड.

तुझा बाप,
कचरू